जंतू रंगावा, हात रंगू नये

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तासगाव येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सांगली जिल्ह्यातील माणसाला रंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. सांगलीच्या पेठेत हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाच्या भुवयासुद्धा सायंकाळपर्यंत पिवळ्या झालेल्या असतात. त्याच हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तासगाव तालुक्यात द्राक्षबागेवर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारणारा शेतकरी घरी परततो, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर निळसर ठिपके दिसतात. आणि तसाच, हात न धुता तो ताटावर बसू लागला, तर घरातील वडीलधारी मंडळी त्याला लगेच उठवतात. मोरचूद पोटात जाता कामा नये, हे ज्ञान या तालुक्यात पिढ्यानपिढ्या मुरलेले आहे. ते कोणी व्याख्यानातून शिकवलेले नाही.

परंतु याच गावात आणखी एक रंगकाम रोज सकाळी चालते आणि त्याबद्दल मात्र असे मुरलेले ज्ञान अद्याप तयार झालेले नाही. रक्त, लघवी, थुंकी तपासणाऱ्या लहान-मोठ्या लॅबमध्ये, सरकारी दवाखान्यात, महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत काचपट्ट्यांवर जांभळे, निळे, किरमिजी रंग ओतले जातात. त्या टेबलांपाशी उभी असतात ती आपल्याच घरांतील मुले आणि मुली. कोणी बी.एस्सी. करीत आहे, कोणी लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम पूर्ण करून नुकतेच नोकरीला लागले आहे. संध्याकाळी घरी आलेल्या मुलीची बोटे जांभळी दिसली, तर आई कौतुकाने म्हणते, "आज खूप काम झालेलं दिसतंय." मुलीलाही ती जांभळी बोटे कसबाची खूण वाटतात. मोरचुदाचे हात पाहून ताटावरून उठवणारे घर या जांभळ्या हातांना मात्र पोळी वाढते. आजच्या विषयाचे कारण एवढेच आहे.

रंग कशासाठी लागतो?

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली पेशी किंवा जंतू हा बहुतांशी पारदर्शक असतो. काचेवर पडलेला पाण्याचा थेंब जसा चटकन नजरेस येत नाही, तसाच प्रकार. त्याला दृश्यमान करण्यासाठी रंग द्यावा लागतो. हा रंग भिंतीला लावलेल्या चुन्यासारखा वरवर बसत नाही. मिथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट, बेसिक फुक्सिन यांसारख्या रंगांच्या रेणूंवर धन विद्युतभार असतो. पेशीच्या केंद्रकातील न्यूक्लिक आम्लांवर ऋण भार असतो. दोहोंचे आकर्षण होऊन रंग तेथे घट्ट धरला जातो. इओसिनसारखे रंग याच्या उलट स्वभावाचे; ते पेशीतील प्रथिनांना धरतात. रंगाची ही पकड जेवढी चांगली, तेवढी काचपट्टी स्पष्ट आणि निदान अचूक.

श्रोतेहो, साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. न्यूक्लिक आम्ले आणि प्रथिने केवळ जंतूत असतात असे नाही. ती बोटाच्या कातडीत आहेत, डोळ्याच्या बुबुळात आहेत, श्वासनलिकेच्या आतील नाजूक अस्तरात आहेत. जो रंग जंतूला धरतो, तो हातालाही धरतो. जंतू कोणता आणि तपासणारा कोणता, हा भेद रंगाला कळत नाही. तो भेद माणसाने करावयाचा असतो. रंगाचा गुण आणि रंगाचा दोष या दोन निराळ्या गोष्टी नसून एकाच शक्तीची ती दोन रूपे आहेत.

रंगांनी दिलेले आणि घेतलेले

या रंगांचा इतिहास फार जुना नाही. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी कृत्रिम क्विनीन बनविण्याच्या प्रयत्नात होता. क्विनीन हाती आले नाही. आला तो एक सुंदर जांभळा रंग. डांबरापासून रंग तयार करण्याचा उद्योग तेथून सुरू झाला आणि जर्मनीत भरभराटीला आला. कापडासाठी बनलेले हे रंग वैद्यकाने उचलले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू जगासमोर मांडला, तो मिथिलीन ब्लूने रंगवूनच. १८८४ मध्ये हान्स ख्रिस्तियन ग्रॅम यांनी जांभळ्या रंगाच्या आधारे जंतूंचे दोन मोठे वर्ग पाडण्याची रीत सांगितली. आजही कोणत्याही महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा श्रीगणेशा ग्रॅमच्या रीतीनेच होतो.

महाराष्ट्राचे या रंगांशी नाते जुने आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याचा जंतू सापडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. गाठीतील द्रव काचेवर घेऊन रंगवला की त्या जंतूची दोन टोके गडद आणि मध्यभाग फिकट दिसे. त्यावरून निदानाला आधार मिळे. त्याच काळात हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस सिद्ध केली. तासगावच्या शेजारी मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, आणि १९६२ मध्ये तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या परिसरातील कित्येक कुटुंबांनी आपल्या माणसाच्या आजाराचे नाव प्रथम मिरजेत ऐकले असेल. त्या नावामागे कोणीतरी काचपट्टीवर टाकलेला रंगाचा थेंब असतो. भारतीय शास्त्रज्ञांचेही यात योगदान आहे. हिवतापासाठी भारतभर वापरले गेलेले जे.एस.बी. हे रंगद्रव्य जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. महागड्या परदेशी रंगांना तो स्वस्त पर्याय ठरला.

रंगांनी असे पुष्कळ दिले. त्यांनी घेतले तेही नोंदवले पाहिजे. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी एक गोष्ट जाहीर केली. फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील काही कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे त्यांना आढळले होते. पुढील काही दशकांत या रोगाचा संबंध रंगनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या बेंझिडीनसारख्या द्रव्यांशी असल्याचे स्पष्ट होत गेले. हेच बेंझिडीन पूर्वी विष्ठेतील सुप्त रक्तस्राव ओळखण्यासाठी रोगनिदान प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाई. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था बेंझिडीनला, तसेच शरीरात गेल्यावर ज्यांचे बेंझिडीन बनते अशा रंगांना, मानवात कर्करोग घडविणाऱ्या पहिल्या गटात ठेवते. काँगो रेड हा प्रयोगशाळेतील परिचित रंग याच बेंझिडीन कुळातील आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कारखान्यातील कामगार वर्षानुवर्षे, किलोंच्या हिशोबात या द्रव्यांच्या सान्निध्यात राहिले. लॅबमध्ये काम चालते ते ग्रॅमच्या आणि थेंबांच्या हिशोबात. म्हणून एकदा बोट जांभळे झाले तर घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र जी व्यक्ती विशीत कामाला लागते आणि साठीपर्यंत त्याच टेबलापाशी राहते, तिच्यासाठी थेंबांचेही तळे साचते.

धोका तीन ठिकाणी असतो

प्रयोगशाळेतील धोका पाहावयाचा तर तीन ठिकाणी पाहावा: रंग, रंगाचा सोबती आणि रंगवला जाणारा नमुना.

रंगाविषयी वर सांगितले. त्यात एका द्रव्याची भर घालणे आवश्यक आहे. जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळांत डीएनए पाहण्यासाठी इथिडियम ब्रोमाइड वापरतात. ते डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसते आणि अतिनील प्रकाशात नारिंगी चमकते. जे डीएनएमध्ये शिरते, ते आनुवंशिक द्रव्यात बदल घडवू शकते, असे गृहीत धरूनच त्याला हाताळले पाहिजे. त्यासाठी टेबलाचा कोपरा स्वतंत्र असावा, तेथील हातमोजे घालून दाराच्या कडीला, फोनला किंवा वहीला हात लावू नये. त्याहून कमी घातक असे पर्याय आता बाजारात मिळतात. महाविद्यालयांनी त्यांचा विचार करावा.

दुसरा धोका सोबत्याचा. अनेकदा रंगापेक्षा त्याचा सोबती अधिक घातक असतो आणि त्याच्याकडे लक्ष जात नाही, कारण तो बिनरंगी असतो. रक्ताच्या काचपट्टीसाठी रोज वापरला जाणारा लेशमनचा रंग मिथेनॉलमध्ये विरघळवलेला असतो. विषारी दारूच्या दुर्घटनांत माणसांची दृष्टी आणि प्राण घेणारा हाच तो मिथेनॉल. तो पोटातून जसा जातो, तसा वाफेतून आणि कातडीतूनही जातो. शिवाय तो पटकन पेट घेतो. क्षयाच्या जंतूसाठी लागणाऱ्या कार्बोल फुक्सिनमध्ये फिनॉल असतो. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारखे कवच असते. फिनॉल आणि उष्णता यांच्या मदतीनेच रंग त्यातून आत जातो. जे मिश्रण जंतूचे मेणकट कवच भेदते, ते माणसाच्या कातडीचे तेलकट आवरण भेदणार नाही, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. फिनॉलचा आणखी एक दुर्गुण असा की, तो कातडी बधिर करतो; भाजलेले कळायलाही उशीर होतो. जे.एस.बी. रंगात पोटॅशियम डायक्रोमेट असते, काही हिमॅटॉक्सिलीनच्या जुन्या कृतींत पाऱ्याचे संयुग असते. द्राक्षाच्या पानावरील बुरशी पाहण्यासाठी विद्यार्थी जो कॉटन ब्लू वापरतात, त्यातही फिनॉल असतोच. तासगावच्या बागायतदाराचा मुलगा बागेत बोर्डो मिश्रणापासून हात जपतो आणि त्याच केवड्यासारख्या रोगाची बुरशी कॉलेजमध्ये पाहताना उघड्या बोटांनी काचपट्टी धरतो, हे विसंगत नव्हे काय?

पिक्रिक आम्लाची गोष्ट निराळीच आहे. ऊतींच्या काचपट्ट्यांसाठी ते पिवळा रंग म्हणून वापरतात. ते ओले असेपर्यंत निमूट असते. कोरडे पडले तर स्फोटक बनते. एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या कपाटात मागच्या फळीवर, झाकणाभोवती पिवळे स्फटिक जमलेली बाटली आढळली, तर ती उघडून पाहण्याचा मोह टाळावा. तिला हलवूही नये. खोली बंद करून जाणकारांना कळवावे.

तिसरा धोका नमुन्याचा. थुंकी, रक्त, पू यांत जिवंत जंतू असतात. काचपट्टी रंगवणे म्हणजे जंतू मारणे, असा समज असल्यास तो दूर व्हावा. रंग टाकण्याआधी पसरलेला थर नीट वाळवून पक्का करणे आवश्यक असते. रंगांच्या साहाय्याने औषधशास्त्राला नवी दिशा देणारे पॉल एर्लिक यांना १८८० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच क्षयाने गाठले आणि हवापालटासाठी इजिप्तला जावे लागले. क्षयाचा जंतू रंगविण्याची रीत ज्यांनी सुधारली, त्यांचीच ही कथा. ज्ञान असूनही जपणूक लागते, हे यावरून ध्यानात यावे.

उचलणे आणि ठेवणे

जैन आचारात साधूंसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतील एक आदान-निक्षेपण समिती: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, कोणाला इजा न होता उचलावी व ठेवावी. प्रयोगशाळेतील मुले-मुली साधू नसतात. पण या एका नियमात प्रयोगशाळेची निम्मी सुरक्षा सामावलेली आहे. बाकीचे नियम म्हणजे त्याचाच विस्तार होय.

सर्वांत जोखमीचा क्षण काचपट्टी रंगवण्याचा नसून कोरडी भुकटी तोलण्याचा असतो. विरघळलेला रंग दिसतो, आवरता येतो. भुकटी हवेत उडते आणि दिसत नाही. क्रिस्टल व्हायोलेट तोलल्यानंतर टेबल स्वच्छ वाटते. दुसऱ्या दिवशी कोणी ओल्या फडक्याने ते पुसले, की जांभळे फराटे उमटतात. जे टेबलावर बसले, त्यातील काही अंश श्वासातही गेला असणार. म्हणून तोलताना छताचा पंखा बंद करावा, मास्क आणि चष्मा लावावा, खाली ओला कागद अंथरावा, आणि काम संपताच तो कागद गुंडाळून रासायनिक कचऱ्यात टाकावा. लहान लॅबने शक्यतो भुकटी न आणता तयार द्रावणच विकत घ्यावे. थोडे अधिक पैसे पडतात. पण भुकटीचा धोका दारातच थांबतो.

थुंकीची तपासणी करताना कार्बोल फुक्सिन टाकलेली काचपट्टी खालून तापवतात. वाफ दिसेपर्यंतच तापवावी. उकळी येऊ देऊ नये आणि रंग वाळू देऊ नये. ती वाफ म्हणजे पाण्याबरोबर निघालेला फिनॉल असतो. यांत्रिक हवा-शोषक नसेल तर खिडकी उघडी ठेवून असे उभे राहावे, की वारा पाठीकडून येऊन खिडकीबाहेर जाईल. स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट ओतू नये. मिथेनॉलची बाटली ज्योतीच्या टेबलावर असू नये. गंधकाम्लाचे द्रावण बनविताना नेहमी आम्ल पाण्यात, हळूहळू, ढवळत घालावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये, कारण उष्णतेने ते उसळून तोंडावर येते.

तोंडाने पिपेट ओढण्याची रीत एके काळी सर्वत्र होती. जुन्या पिढीतील दुकानदार जांभळी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून खतावणी लिहीत, त्यातलाच तो प्रकार. त्या पेन्सिलीतही रंग हाच, मिथाइल व्हायोलेट. त्या पेन्सिलीचे टोक डोळ्यात मोडून डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. रबरी फुग्याची पिपेट आज कोणालाही परवडते. तोंडाने ओढण्याचे समर्थन करता येत नाही.

हातमोजे नायट्रिलचे असावेत, पण ते चिलखत आहे असे समजू नये. मिथेनॉल आणि फिनॉल पातळ मोज्यातून काही वेळाने पार होतात. मोजा भिजला की बदलावा. अॅप्रन लॅबमध्येच राहावा, घरच्या कपड्यांत धुवायला जाऊ नये. चहाचा कप आणि डबा रंगाच्या टेबलापाशी येऊ नये, आणि नमुन्यांच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवू नये.

बाटलीवरील चिठ्ठी हा विषय क्षुल्लक वाटतो, पण मिथिलीन ब्लू आणि मिथाइल ब्लू हे दोन भिन्न रंग आहेत. नाव अर्धवट लिहिले की चूक झालीच. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांचा पुरवठा थांबला आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांना कळले की, एकाच नावाच्या बाटल्यांत निरनिराळी द्रव्ये येतात. त्यातून तेथे जैविक रंगांची तपासणी करणारा आयोग १९२२ मध्ये आकाराला आला. लहान लॅबलाही हा धडा लागू आहे. बाटलीवर पूर्ण नाव, तीव्रता, तयार केल्याची तारीख, तयार करणाऱ्याची सही आणि धोक्याचे चिन्ह असावे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत रंग किंवा मिथेनॉल भरून ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

विसर्जन

पाच समितींतील शेवटची उत्सर्ग समिती: टाकाऊ वस्तू अशा जागी आणि अशा रीतीने टाकावी की जीवांची हिंसा होऊ नये. प्रयोगशाळेच्या बाबतीत याहून नेमका नियम सांगता येणार नाही.

रंगवून झाले की काचपट्टी सिंकवर धरून नळ सोडणे ही सर्वत्र दिसणारी सवय आहे. जांभळे पाणी गटारात जाते आणि दिसेनासे होते. नाहीसे मात्र होत नाही. येरळा आणि कृष्णा यांच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला गटाराचे पाणी शेवटी कोठे जाते, हे सांगण्याची गरज नाही. हे रंग बनवलेच आहेत ते टिकण्यासाठी. सूर्यप्रकाशाने, साबणाने सहज न विटणारे. क्रिस्टल व्हायोलेट आणि मॅलाकाइट ग्रीन हे रंग माशांना आणि पाण्यातील सूक्ष्म जीवांना घातक आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रयोगशाळेतील रासायनिक द्रव वेगळे गोळा करून, त्यावर प्रक्रिया करूनच सोडावयाचे असतात.

व्यवहारात करता येण्याजोगे ते असे. काचपट्ट्या सिंकवर न रंगवता ट्रेवर रंगवाव्यात आणि पहिले, गडद पाणी झाकणाच्या कॅनमध्ये घ्यावे. आम्ल, मिथेनॉल आणि रंग यांचे कॅन वेगळे ठेवावेत. सक्रिय कोळसा पाण्यातील पुष्कळसा रंग शोषून घेतो. मात्र तो कोळसा मग स्वतःच रासायनिक कचरा होतो, हे विसरू नये. कॅन भरला की तो अधिकृत कचरा-संकलन करणाऱ्यांकडे नोंदीसह द्यावा.

एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. थुंकीच्या डब्यांसाठी ब्लीचिंगचे पाणी वापरतात आणि रंग उतरविण्यासाठी आम्ल वापरतात. ही दोन एकाच भांड्यात आली की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. इथिडियम ब्रोमाइडवरही ब्लीचिंगचे पाणी ओतू नये. त्यातून नवी घातक द्रव्ये तयार होऊ शकतात.

अपघात झालाच तर

डोळ्यात रंग उडाला, तर क्षणाचाही विलंब न करता पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि नंतर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पंधरा मिनिटे हा काळ बोलण्यात लहान आणि नळाखाली फार मोठा वाटतो. म्हणून जवळच्याने घड्याळ पाहत उभे राहावे. कातडीवर फिनॉल सांडला, तर भिजलेले कपडे ताबडतोब काढून भरपूर पाण्याने धुवावे आणि वेदना नसल्या तरी डॉक्टरांना दाखवावे. बोटांचा रंग काढण्यासाठी ब्लीचिंग पावडर किंवा स्पिरिट चोळू नये. त्याने कातडीचे आवरणच दुबळे होते. साबण-पाण्याने जेवढा जाईल तेवढा जाऊ द्यावा; उरलेला काही दिवसांत कातडीबरोबर निघून जातो. डॉक्टरांकडे जाताना बाटलीवरील नाव लिहून न्यावे. "जांभळं औषध उडालं" एवढ्यावरून उपचार ठरत नाहीत.

प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात

हे सारे ऐकून, "आमच्या घरात कोणी लॅबमध्ये नाही," असे ज्यांच्या मनात आले असेल, त्यांच्यासाठी थोडेसे. प्रयोगशाळेतील काही रंग बाजाराच्या वाटेने ताटापर्यंत येतात. ऊतींच्या काचपट्ट्यांसाठी वापरला जाणारा मेटानिल यलो हा हळदीत भेसळ म्हणून सापडणारा रंग आहे. रोडामाइन बी हा पेशीशास्त्रातील गुलाबी रंग जत्रेतील कापूसमिठाईत आढळल्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने त्या मिठाईवर बंदी घातली आणि मार्चमध्ये कर्नाटकाने रंगीत कापूसमिठाई बंद केली. मॅलाकाइट ग्रीन भेंडी, परवर, मिरची हिरवीगार दिसावी म्हणून वापरला जातो. पॅराफिन तेलात भिजवलेला कापूस भाजीवर घासून तो हिरवा झाला, तर ती भाजी घरात आणू नये. लहान बाळाच्या तोंडात लावण्याचे जांभळे औषध म्हणजे क्रिस्टल व्हायोलेटच. २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य विभागाने कर्करोगाच्या शक्यतेमुळे त्याच्या वापराबद्दल इशारा दिला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते कोणी लावू नये.

ज्या जिल्ह्याच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी तरी भेसळीचा रंग पेठेत येऊ देऊ नये. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे व्यापारात आहेत. म्हणून हे येथे सांगणे अनुचित ठरणार नाही.

कोणी काय करावे?

सुरक्षेची जबाबदारी टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीवर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. मोजे, चष्मा, झाकणाचा कॅन आणि उघडणारी खिडकी या गोष्टी मालकाने द्यावयाच्या असतात. सुरक्षा माहितीपत्रक मागवून ते भिंतीवर मराठीत लावण्याचे काम विभागप्रमुखाचे. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला सूक्ष्मदर्शकाआधी डोळा धुण्याचा नळ दाखवण्याचे काम शिक्षकाचे. आणि घरी आलेल्या मुलीची जांभळी बोटे पाहून, "मोजे मिळत नाहीत का तिथं?" असे विचारण्याचे काम आई-वडिलांचे. हा एक प्रश्न दहा घरांतून विचारला गेला, तर गावातील लॅबचे चित्र पालटू लागेल.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा निळ्या पार्श्वभूमीवरील लाल जंतू पाहून कोणाचा तरी क्षय वेळीच ओळखला जातो, उपचार सुरू होतात, एक घर सावरते. हे काम पुण्याचे आहे. मात्र परक्याचे घर सावरणाऱ्या हातांनी स्वतःचे घर धोक्यात घालू नये, आणि धुतलेल्या पाण्याने ओढ्यातील मुक्या जीवांचाही घात करू नये. रंगाला काय धरावे आणि काय सोडावे हे कळत नाही. ज्याला कळते, त्याने मोजे घालावेत, पंखा बंद करावा, कॅनला झाकण लावावे आणि मगच काचपट्टीवर थेंब सोडावा.

जय जिनेंद्र.